वजडीचं पातेलं
चुना लावून वजडी धुताना जो वास सुटतो, तो आला की मला लवळ्याच्या आमच्या घरातली वरची खोली आठवते. तिथे कॉलेजची दोन पोरं भाड्याने राहायची. एका रविवारी दुपारी ती लॅपटॉपवर झोंबीच्या पिक्चरचा दुसरा भाग बघत होती, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम केलेली वजडी घेऊन आई आणि मी वर गेलो. पडद्यावर मेलेली माणसं एका जिवंत बाईचं पोट फाडत होती. "पहिल्या भागातली आतडी जास्त खरी वाटायची यार," एक जण म्हणाला. दुसरा सॉसमध्ये चिप्स बुडवत म्हणाला, "हो ना, यात रक्तच कमी दाखवलंय." मी पडद्याकडे पाठ केली. आईने पातेल्यावरचं झाकण काढलं. "काय आहे काकू?" "बोकडाची आतडी. लई निगुतीनं धुतल्यात, खावा." "शी!" करून दोघंही मागे सरकले, चिप्सवाल्याने तर नाकच दाबलं. आई पडद्याकडे बघत म्हणाली, "बाईची चालत्यात व्हय?" आणि पातेलं उचलून खाली निघाली. आज वजडी धुताना वासाचं मला काहीच वाटत नाही. पण नाक दाबणाऱ्या त्या बोटांना लागलेला लालभडक सॉस आठवला, की सॉसची बाटली अजूनही नकोशी वाटते.