छातीतला राखणदार

राखणदारबाबांइतका हट्टी रोगी मला दुसरा भेटला नाही. अमडापूरच्या दवाखान्यात मी डॉक्टर होतो. बाबा दम लागला म्हणून यायचे, तेही कानावर बिडी अडकवून. ज्वारीच्या शेतांची राखण हा त्यांचा जन्माचा धंदा. माळ्यावरून एक आरोळी दिली की तीन शेतांतली पाखरं उडत. आता वाक्य पुरं करायलाही श्वास पुरत नव्हता. आरोळी गेली की कामही जाणार होतं.

टपालाने उशिरा येणाऱ्या मासिकात मी नवीनच काही वाचलं होतं. ते उत्साहाने त्यांना सांगायला गेलो, हीच माझी चूक. "बाबा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला एक रस सोडतात. तो मोकाट सुटला तर फुप्फुसच खातो. त्याला आवरणारं एक प्रथिन आपल्या यकृतात तयार होतं. ते प्रथिन म्हणजे तुमच्या छातीतला राखणदार. बिडीच्या धुराने तो आडवा पडतो, अन् घरचीच गुरं पीक फस्त करतात."

बाबांचे डोळे चमकले. "म्हंजे झोपते तो?"

"तसंच समजा."

"मंग त्याले बिडी पाह्यजेच ना, साहेब! बिनबिडीचा राखणदार डुलक्या घेते. मले इचारा!"

मी कपाळावर हात मारला. आठवड्याने त्यांची बायको, यमुनाकाकू, सांगत आल्या की बाबा आता दोन-दोन ओढतात. एक स्वतःची, एक आतल्याची! बाबा दवाखान्यात आले तेव्हा मी ओरडलो, बंडल हिसकावून टेबलाच्या खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी कानावर नवी बिडी हजर.

एका सुगीत मात्र ते आपण होऊन बंडल घेऊन आले. "घ्या साहेब. हाकच निंघून नाही राह्यली. पाखरं समोर बसून खातात. आता उठवा त्याले."

मी सांगितलं, जे खाल्लं गेलं ते परत उगवत नाही. राखणदार उरलेलंच राखतो.

"हे पह्यले काऊन नाही सांगतलं?" बाबा माझ्यावरच उखडले. शंभरदा सांगितलं होतं! रडावं की भांडावं, मला कळेना.

बिडी त्यांनी खरंच सोडली. पत्र्याचा डबा बडवत आणखी दोन सुग्या काढल्या, आणि गेले.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. "जन्मभर पाखरं हाकलली, आता कसा येईन?" काकू रडत म्हणाल्या. लोकांनी नाना वचनं देऊन पाहिली. शेवटी मी दवाखान्यात जाऊन खणातलं बंडल आणलं. पिंडाशेजारी एक बिडी ठेवली, मग दुसरी. "एक तुमची, एक त्याची. ओढा बाबा, मी रागवत नाही."

कावळा लगेच उतरला. शेवटपर्यंत माणसाने स्वतःचंच खरं केलं.