जावेदभाईंचे पाहुणे

जावेदभाईंच्या दुकानात कोणाचा फोन लागला, की ते आधी पत्र्याच्या पार्टिशनवर दोन थापा मारायचे आणि ओरडायचे, "पाहुणे बसले हो!" म्हणजे कोणीतरी बोलायला बसलंय, बाकीच्यांनी नेट थांबवावं. पार्टिशनच्या अलीकडे माझा कॉम्प्युटर क्लास, पलीकडे त्यांची इंटरनेटवरून परदेशी बोलायची केबिन आणि तिच्याही पलीकडे बी-बियाण्यांचं दुकान. देऊळघाटात तेव्हा नवंनवं नेट आलेलं. आम्ही तिघांनी मिळून एकच लाइन घेतली होती. थाप पडली की माझी पोरं शिकवल्यासारखी माउस सोडून हात वर करायची. मी ओरडलो तर मात्र एकाच्याही कानावरची माशी उडायची नाही.

जावेदभाई मूळचे धामणगाव बढ्याचे. आखातात बरीच वर्षं एसी दुरुस्त करून परत आलेले. पांढरे बूट, अत्तराचा फाया, आणि बढाई अशी की तिकडच्या शेखाचा बंगला यांनीच गार ठेवला होता. मला हा माणूस आवडत नव्हता असं म्हणता आलं असतं, तर बरं झालं असतं. आवडायचा, म्हणूनच मी जास्त जळायचो.

थापांना बियाणेवाला दाद देईना. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बियाण्याच्या हंगामात तो दिवसभर कंपन्यांचे व्हिडिओ उतरवत बसायचा आणि केबिनमधल्या माणसाचं बोलणं तुकडे तुकडे होऊन जायचं. मग जावेदभाई माझ्याकडे आले. "मास्तर, माणसं कुठं आयकतात? लाइनीलेच शिकवा ना."

मी राउटरमध्ये शिरून त्यांच्या केबिनच्या दोन्ही कॉम्प्युटरांना पहिला मान दिला. दोन दिवस झकास गेले, मग पुन्हा आवाज तुटायला लागला. पाहतो तर त्यांच्याच केबिनमध्ये दुसऱ्या खुर्चीवर एक गिऱ्हाईक सिनेमा उतरवत बसलेलं. मान त्यालाही मिळत होता. चूक सापडल्याचा मला कोण आनंद झाला! मी ती त्यांना चार लोकांत ऐकवली. जावेदभाई हसले. "मंग खुर्ची नका पाहू, बोलणं पाहा. बोलून राह्यला तो पाहुणा, बाकी सारे घरचे."

ते बरोबर होतं. मी नव्याने नियम लावला. तिन्ही दुकानांत कुठूनही बोलणं आलं तर ते पुढे, बाकी सगळं मागे. पंगतीत आधी पाहुण्यांची पानं वाढतात, तसं. दोन रांगांना नावं द्यायची होती. राउटरला मराठी येत नव्हतं, म्हणून जावेदभाईंनी मला इंग्रजी अक्षरांत 'पाहुणे' आणि 'घरचे' असं लिहायला लावलं.

घरचे म्हणजे अर्थातच मी. ऑनलाइन परीक्षेचा पेपर पडद्यावर चक्र फिरवत बसायचा आणि पोरं जांभया द्यायची. तक्रार केली तर जावेदभाईंचं उत्तर तयार असायचं. "मास्तर, फाइल उशिरा आली तरी पुरी येते. बोल उशिरा आला तं तुटून येते. तुटका बोल कोणाच्या कामाचा?" हेही खरंच होतं, त्यामुळे अधिकच राग यायचा. राउटरचा पासवर्ड माझा, नियम माझ्या बोटांनी लावलेला, आणि गावभर झालं काय? जावेदभाईंनी लाइन सुधारली! हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या बाबांच्या तोंडून, ते अजून घरात बोलत होते तेव्हा.

बाबांचं सांगायलाच हवं. त्या साली आमची बीटी पऱ्हाटी बोंडं धरायच्या आतच लाल पडली, आणि बाबा बोलायचे थांबले. भांडण नाही, तंटा नाही, नुसते गप्प. आमच्या भागात त्या दिवसांत घरातला कर्ता माणूस गप्प झाला, की बायका आधी घरातले दोर आणि औषधं लपवायच्या. आईने फवारणीचं औषध गुपचूप शेजारच्यांच्या माळ्यावर नेऊन ठेवलं. मी रोज बाबांच्या जवळ बसायचो, काहीबाही विचारायचो. ते "हाव" म्हणायचे, नाहीतर तेही नाही.

हाच माणूस जावेदभाईंच्या बाकावर मात्र सकाळपासून बसायचा. माझी बहीण करुणा मस्कतला नर्स होती. तिच्याशी बोलायला जावेदभाईंनीच त्यांना बसवलं. बाबा मुळातच एका वाक्यानंतर इतके थांबायचे, की पूर्वी करुणाला लाइन गेली असंच वाटायचं. ती हॅलो हॅलो करून फोन ठेवायची आणि बाबा तसेच उठायचे. आता लाइन तुटत नव्हती, म्हणून जावेदभाईंनी तिला सांगितलं, "बेटी, लाइन चालू हाय. काका इचार करून राह्यले. तू थांब." आणि स्वतः बाहेर पायरीवर, केबिनकडे पाठ करून बसले.

पार्टिशन छतापर्यंत नव्हतं. मला अलीकडे ऐकू आलं. बराच वेळ काहीच नाही, आणि मग बाबांचा आवाज, "पोरी, औंदा पऱ्हाटी उभीच वाळली. माह्यानं पाहवत नाही वं."

मी चार हातांवर खुर्चीत बसलो होतो. हे वाक्य माझ्या घरात, माझ्यासमोर का नाही आलं?

मी इरेला पेटलो. घरी वेगळी लाइन घेतली, कॉम्प्युटर मांडला, करुणाला जोडून दिलं आणि बाबांना खुर्चीत बसवलं. आवाज जावेदभाईंच्या केबिनपेक्षा साफ होता. बाबा पडद्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. "इथं काय बोलू? तू आयकून राह्यला ना," म्हणाले, आणि चप्पल घालून जावेदभाईंकडे गेले.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस आईने शेजारच्या माळ्यावरचं औषध परत आणून गोठ्यात ठेवलं. बाप वाचला याचा मला आनंद झाला. तो माझ्यामुळे वाचला नाही याचं दुःख त्याहून थोडंच कमी होतं.

हाताहातांत मोबाइल आले, केबिन बंद पडली. जावेदभाई धामणगावला परतले. जाताना पत्र्यावर थाप मारून म्हणाले, "घ्या मास्तर, आता सारी लाइन घरच्यांची." काही वर्षांनी ते गेल्याचा निरोप आला. मी आणि बाबा धामणगावला मिट्टीला, त्यांच्या दफनाला, गेलो.

परतताना एसटीत बाबा अचानक बोलायला लागले. शेखाच्या बंगल्याच्या बढाया, अत्तर, पायरीवर पाठ करून बसणं. मधेच थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. इतकं सलग ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते, आणि सगळं जावेदभाईंविषयी. मी श्वास रोखून ऐकत होतो.

मग ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तू घरी येऊन नुस्ता इचारे. सवताचं काही सांगे नाही. मंग मी जावेदलेच इचारो, मास्तरचं कसं चाल्लं? क्लास चालते का? काऊन उदास दिसते? तुहं समदं मले त्याच्याकडूनच समजे. आता कोणाले इचारू?"

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो, आणि तेव्हाही मला जावेदभाईंचा हेवाच वाटला.