व्याह्यांच्या बैलाचा समाचार

समाचाराला जाण्याच्या बाबतीत आमच्या सायखेड्याच्या मामांचा हात धरील असा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. कुणी आजारी पडलं की त्याच्या घरच्यांच्या आधी मामांना कळतं, असं माझी आई म्हणायची, आणि त्यात तिने फारसं वाढवून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मामा तिचे चुलतभाऊ. घरी थोडी द्राक्षं, थोडा ऊस, एक गाय. पण त्यांचा खरा व्यवसाय कोणता असं कुणी विचारलं तर मी समाचार हेच सांगेन. त्यात त्यांनी माणूस आणि जनावर असा भेद कधी केला नाही. केलाच असेल तर जनावराच्या बाजूने केला. "माणसाला सांगता तरी येतं कुठं दुखतंय ते," ते म्हणायचे, "मुक्या जिवाला कोण इचारणार?" आणि ते खरोखरच विचारायचे. गावात कुणाची म्हैस लंगडली, कुणाच्या शेळीने चारा सोडला, की मामा टोपी चढवून निघालेच. एकदा नाशिक रोडहून एसटीने परत जाताना पुढच्या बाकावरच्या एका अनोळखी बाईची शेळी आजारी असल्याचं त्यांच्या कानावर पडलं, तर हे तिच्या गावाला तिच्यामागोमाग उतरले आणि शेळीला भेटून मगच घरी गेले. मामी जेवण झाकून बसल्या होत्या. "शेळी कशी हाय?" एवढंच त्यांनी विचारलं. हा संसार त्यांच्याही अंगवळणी पडला होता.

जनावरांची सवय माणसांना लागू पडायची ती अशी. नाशिक रोडला माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मामा पहिल्या एसटीने हजर. वडील सरकारी नोकरीत जन्म काढलेले, करड्या शिस्तीचे गृहस्थ. मोठ्या साहेबापुढेही त्यांनी कधी मान तुकवली नव्हती. मामा पलंगाशी उभे राहिले, त्यांच्या कपाळावर तळवा ठेवला, मग कानाची पाळी चिमटीत धरून गार आहे की गरम ते पाहिलं आणि म्हणाले, "दाजी, जीभ दाखवा." आणि वडिलांनी मुकाट्याने जीभ दाखवली. "चांगली हाय," मामांनी निकाल दिला आणि नर्सकडे वळून विचारलं, "रवंथ सुरू झाला का?" ती बिचारी केसपेपर चाळू लागली. आईनेच मग सांगितलं की हो, सकाळी पेज घेतली आहे. पण गंमत अशी की रात्रभर कण्हणारे वडील मामा गेल्यावर गाढ झोपले. मामांच्या हातात तेवढं काहीतरी होतं खरं. खरबरीत, रुंद, गुळाचा वास येणारा हात.

गुळाचा वास येण्याचं कारण म्हणजे मामांच्या सदऱ्याच्या खिशात कायम गुळाचा खडा असे. ज्या जनावराला भेटायचं त्याला रिकाम्या हाताने कसं भेटायचं? त्या खिशामुळे मामांच्या मागे मुंग्या असत, आणि मामींनी त्यांच्या सदऱ्याला कपाटात कधी जागा दिली नाही. तो अंगणातल्या तारेवर स्वतंत्र नांदायचा. समाचाराचीही त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी बसायचं, चहा होईपर्यंत काही बोलायचं नाही. मग याहून जास्त आजारी पडून खडखडीत बऱ्या झालेल्या कुणाची तरी गोष्ट सांगायची. जो बरा झाला नाही त्याचं नाव चुकूनही काढायचं नाही. आणि बरा झालेला कुणी आठवलाच नाही तर तिथल्या तिथे एक तयार करायचा. मामांनी असे बरे केलेले कितीतरी बैल या जगात कधी जन्मलेलेच नाहीत.

असा माणूस लाळ्या-खुरकूताच्या लसीच्या कामी पडला नसता तरच नवल. हा रोग ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. जनावराच्या तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, तोंडातून लाळेची तार सुटते, धड खाता येत नाही की पाय टेकता येत नाही. आणि एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जायला या रोगाला स्वतःचे पाय लागत नाहीत, माणसांचे पुरतात. यावर टोचून घेणं एवढाच खरा इलाज. वर्षातून दोनदा पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम बर्फाची पेटी घेऊन गावात येत आणि मामा सकाळपासून त्यांच्यापुढे चालत. ज्या घरचा मालक "दूध आटतंय हो सुईनं" म्हणून कुरकुर करी, त्याला मामा असं काही झोडपत की तो स्वतःच दावं सोडून जनावर पुढे आणी. "दोन दिस दूध कमी आलं तर काय चहा बंद पडंल का तुजा?" मॅडम सुई टोचेपर्यंत जनावराचं डोकं छातीशी धरून त्याच्या कानात काहीतरी पुटपुटणं हे मामांचं काम. काय पुटपुटता म्हणून मी एकदा विचारलं. "मी म्हणतो, मॅडमचा हात लय हलका हाय." आधीच्या डॉक्टरांचा हात चांगलाच जड होता, पण मामा त्यांच्या वेळीही हेच सांगत आले होते. शेजारच्या कौसाबाईंची म्हैस तर इतकी खाष्ट की खुद्द कौसाबाई तिच्या मागून जात नसत. तीसुद्धा मामांच्या काखेत मान घालून निमूट सुई घेई.

आता यातली खरी गोम सांगते. सगळ्या गावाची जनावरं टोचून घेणाऱ्या मामांची स्वतःची गाय त्या रांगेत कधी नसायची.

तिचं नाव चांदणी. काळी-पांढरी संकरित गाय, कपाळावर चांदणी, आणि स्वभावाने मानी. कालवड असताना मामांनी तिला एकदा लस दिली होती. तेव्हा कानात लसीच्या नोंदीचा पिवळा बिल्लाही बसला. त्यानंतर दोन दिवस तिने मामांच्या हातचा गूळ घेतला नाही. हात पुढे केला की मान फिरवायची. मामांच्या जिवाला ते इतकं लागलं की पुढच्या प्रत्येक फेरीला चांदणीची काही ना काही अडचण निघू लागली. कधी ती उसापलीकडच्या बांधावर चरायला गेलेली असे, कधी तिचं पोट बिघडलेलं असे. एकदा तर मॅडमनी "काका, तुमची गाय?" म्हणून विचारल्यावर "तिच्या मावशीकडं गेलीय" असं उत्तर मामांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता दिलं. मॅडम हसल्या. कानात बिल्ला पाहिलेला, त्यातून मामा म्हणजे लसीचा चालता-बोलता भोंगा. त्यांच्यावर संशय कोण घेणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, मामींनाही तो दिसला नाही.

मागच्या हिवाळ्यात गोदावरीच्या पुलापलीकडे रोग आल्याची बातमी आली. मॅडमनी फोनवरच्या गावच्या ग्रुपवर निरोप टाकला की कुणी तिकडे जाऊ नये, तिकडची जनावरं आणू नयेत, दुसऱ्याच्या गोठ्यात पाऊल ठेवू नये. मामांनी तो निरोप पारावर बसून सगळ्यांना दोनदा वाचून दाखवला. आणि दुसऱ्या दिवशी कळलं की आजारी आहे तो मामांच्या व्याह्यांचा बैल. नुकताच बाजारातून आणलेला, लस द्यायच्या आतच आडवा झालेला. मामी म्हणाल्या, "अहो, फोन करा की." मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू लग्नाचा आहेर त्यांनी फोनवरून द्यायला सांगितला. "लोकांनी जायचं नाय, बरोबर हाय," ते म्हणाले, "पण व्याह्याकडं जायचं म्हंजी ती रीत हाय. पोर दिलीय आपण त्या घरात." मामा गेले. बैलाजवळ बसले, खांद्यावरच्या टॉवेलने त्याची लाळ पुसली, गूळ भरवायचा प्रयत्न केला; त्याला तो चावेना तेव्हा खडा खिशात परत ठेवला. घरी आल्यावर दारातच चांदणी हंबरली. तिला तोच गूळ दिला.

आठवडाभराने चांदणी मागचा पाय झटकू लागली. मग लाळ. मॅडम आल्या, तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, हिला या वेळची लस कुणी दिली?" मामा दाव्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "कुणी नाय." मॅडम रागावल्या नाहीत, हे मामांना फार जड गेलं. त्यांनी फक्त काय करायचं ते सांगितलं: तुरटीच्या पाण्याने तोंड धुवायचं, जिभेला औषध लावायचं, पाय कोरडे ठेवायचे, पातळ कण्या पाजायच्या, फाटकाशी पाय बुडवायला धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवायचं. आणि शेवटी, "कुणाला आत येऊ द्यायचं नाही, आणि तुम्ही कुठे जायचं नाही."

सगळं गाव आलं. येणारच. ज्याच्या त्याच्या दारात हा माणूस आयुष्यभर समाचाराला गेलेला; आता त्याच्या गोठ्यावर वेळ आली म्हटल्यावर कोण घरी बसेल? मी त्या रविवारी गेले तेव्हा मामा फाटकाला आडवा दोर बांधून त्याच्या आत उभे होते, आणि बाहेर लोक. चहा पाजल्याशिवाय शत्रूलाही न सोडणारे मामा हात जोडून सांगत होते, "नका येऊ. तिथूनच जा." लोकांना ते अपमानासारखं वाटत होतं. कौसाबाई कण्यांचं पातेलं घेऊन आल्या होत्या, त्यांनी दोर वर उचललाच.

"कौसाबाई, मागं व्हा."

"का म्हून? माज्या म्हशीला तू हात लावलेला चालतो, अन् मी तुज्या गाईला बघायचं नाय?"

"तिला लस दिलेली नाय," मामा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मीच नाय दिली. ती रुसती म्हणून. अन् व्याह्याकडून रोग मीच आणला, ह्या हातानं."

कौसाबाईंनी पातेलं दोराखालून आत सरकवलं. मग त्यांचा चेहरा उतरला, कारण त्यांचा गोठा मामांच्या गोठ्याला लागून. "माज्या म्हशीचं कसं रं मग?"

"तिला काय होणार नाय," मामा म्हणाले. "तिचं डोकं मीच धरलं होतं."

आणि खरंच, म्हशीला काही झालं नाही. गावात दुसऱ्या कुठल्याच गोठ्यात रोग शिरला नाही. मामांनी दमदाटी करून, कानात पुटपुटून टोचून घेतलेली ती सगळी जनावरं उभीच्या उभी राहिली. त्यांच्या मेहनतीचा एवढा चोख पुरावा दुसरा मिळाला नसता, पण तो त्यांनाच सोसावा लागला. चांदणीच्या सोललेल्या जिभेला सकाळ-संध्याकाळ औषध लावायचं म्हणजे तिला आग व्हायची. ती लाथ झाडायची आणि मामा गोठ्यातून जाईपर्यंत मान भिंतीकडे करून उभी राहायची. दोन दिवसांचा रुसवा टाळायला गेले, तो असा महिनाभर पदरात पडला. "कर," ते तिला म्हणायचे, "तुजा हक हाय."

चांदणी जगली. दूध मात्र पूर्वीसारखं पुन्हा आलं नाही आणि ऊन चढलं की ती अजून धापते. मामांनी तिच्यासाठी गोठ्याच्या पुढे शेडनेट लावलं आहे. पुढच्या फेरीला रांगेत पहिली चांदणी होती. मामांनी तिचं डोकं धरलं, पण कानात काही पुटपुटले नाहीत, असं मामी सांगतात.

गावातले लोक आता गमतीने म्हणतात की मामांनी समाचार सोडला, आजारी पडण्यात काही मजा उरली नाही. ते फोन करतात. पलीकडून खोकला ऐकतात, बऱ्या झालेल्या बैलाची गोष्ट सांगतात आणि ठेवतात. गेल्या महिन्यात मला टायफॉइड झाला तेव्हाही मी फोनचीच वाट पाहत होते, पण दार उघडलं तर मामा. खाली सोसायटीच्या नळावर पाय धुऊन आले होते, चपला तिथेच. पायपुसण्याच्या पुढे यायला तयार नाहीत.

"आत या मामा. माझ्या तापाने गाईला काही होत नाही."

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "पण पाय उचलत नाय गं." उंबऱ्यातूनच मान पुढे काढून मला न्याहाळलं. मग म्हणाले, "जीभ दाखव."

मी दाखवली. "चांगली हाय," म्हणाले आणि निघायला वळले. मला एकदम वडील आठवले, ते पलंगावर गाढ झोपलेले. मी म्हटलं, "हात लावून बघा ना मामा, ताप आहे का."

मामांनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. मग भिंतीच्या कडेकडेने मोरीपर्यंत गेले. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं, मी परत पलंगावर येऊन पडल्या पडल्या ऐकत होते. ते आले आणि कपाळावर हात ठेवला. हात थंडगार होता, आणि त्याला आमच्या साबणाचा वास येत होता. गुळाचा येत नव्हता.