हातभर लांब पडदा

माहेरच्या स्वयंपाकघरात मोरीवरच्या खिडकीला वहिनीने नवा पडदा लावला आहे. नवा म्हणजे आईच्या जुन्या सुती साडीचा. साडी मधोमध विरली होती, पण पदर धड होता. तेवढा वाचवून तिने शिवला. वहिनीची काटकसर अशीच, पाहणाऱ्याला ती हौसच वाटते. फक्त हा पडदा खिडकीपेक्षा चांगला हातभर लांब झालाय. माप चुकलं असणार, असं मला वाटलं.

माणूस गेलं की त्याच्या कपड्यांचं काय करायचं, हे कुणालाच धड कळत नाही. माझ्या वाट्याला आलेल्या आईच्या साड्या मी कपाटात जपून ठेवल्यात, आणि त्यांना आता डांबरगोळ्यांचा वास येतो. या पडद्याला मात्र लसणाच्या फोडणीचा वास येत होता. आईला यायचा तसाच.

दुपारी पिठलं-भाकरी झाली. बाबा उठले, मोरीवर हात धुतले. शेजारी खुंटीला स्वच्छ नॅपकिन होता. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. पडद्याचं टोक हातात घेतलं, सावकाश हात पुसले, मग तोंड पुसलं आणि क्षणभर तसेच उभे राहिले.

"बाबा, नॅपकिन..." मी म्हणणार, तोच वहिनीने माझा हात दाबला.

बाबा बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "असू द्या, ताई. लांब मुद्दामच ठेवलाय."