बस्त्यातली सुनीता

मालकानं टिकल्यांचं पाकीट माझ्यापुढं टाकलं. "इथं तू सुनीता. कपाळ मोकळं दिसता कामा नये. बस्त्याचं गिऱ्हाईक बिचकतं."

कराडातलं साड्यांचं मोठं दुकान. लग्नसराईत गादीवर पाय ठेवाय जागा न्हाई. अख्खं घर बस्ता बांधायला येतं आणि मी खांद्यावर शालू टाकून दाखवते. हात माझे चालत व्हते, खांदा चालत व्हता, नाव तेवढं चालत नव्हतं. वा रं व्यापार!

बरं, बायका नुसतं नाव विचारून थांबतात व्हय? आडनाव काय, माहेर कुठलं. एक खोटं झाकायला दुसरं. डोकं ठणकायचं. घास उतरायचा न्हाई. डॉक्टर म्हणाले, ताण घेऊ नका. मी कुठं घेत व्हते? मालकच देत व्हता, रोज सकाळी टिकलीसंगं कपाळावर.

माझी अम्मी म्हसवडात बांगड्या भरते. तिची आई बी भरायची. किती नवऱ्या मुलींचे हिरवे चुडे आमच्या घरानं भरलेत. तिथं कोण बिचकलं न्हाई.

एका बस्त्याला म्हसवडचीच म्हातारी आली. शालू सोडून माझ्या तोंडाकडंच बघाय लागली.

"कुनाची गं तू, बाय?"

मालक गल्ल्यावरनंच म्हणाला, आमची सुनीता, आजी. आणि माझ्यावर डोळे वटारले.

काम गेलं तर खोलीचं भाडं कुठनं द्यायचं, ठाऊक व्हतं. तरी त्या दिवशी खोट्याला जीभ वळली न्हाई. टिकली काढली, शालूच्या खोक्याला चिकटवली.

"सुनीता न्हाई, आजी. बांगड्या भरती त्या मणेरणीची लेक मी." आणि माझं खरं नाव सांगितलं.

म्हातारी हातातल्या हिरव्या बांगड्यांकडं बघत बसली. तिच्या सुनेनं दुसरी पोरगी बोलवा म्हटलं. दुसरी पोरगी आली.

मालक म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

"सुनीताला सांगा. ती ऱ्हाईली तिथं खोक्यावर."

पायऱ्या उतरताना संतापानं रडले. पण खोलीवर जाऊन भाकरी थापली आणि लय दिवसांनी पोटभर जेवले.

आता दुकानं हिंडते. आधी नाव सांगते, मग काम विचारते. "कळवतो," म्हणतात. नका कळवू. बाजारपेठ मोठी हाय. पुढच्या दारात बी मी हेच नाव सांगणार हाय.