प्रभाकाकींची लाल रेघ

प्रभाकाकींच्या घरात प्रत्येक बरणीला नेलपॉलिश लावलेलं असायचं. हौस म्हणून नव्हे. स्वतःच्या नखांना त्यांनी ते जन्मात कधी लावलं नाही. झाकण घट्ट बसवायचं आणि झाकणावरून बरणीच्या अंगावर उतरेल अशी एक बारीक लाल रेघ ओढायची. कोणी झाकण फिरवलं की रेघ तुटली, म्हणजे चोरी पकडली. स्वतः बरणी उघडली तर जुनी रेघ खरवडून नवी ओढायची. लोणच्याला रेघ, मसाल्याला रेघ, गुडघ्याला चोळायच्या तेलालाही रेघ. साखरेच्या बरणीवरचं नेलपॉलिश तर कधी धड वाळायचंच नाही, कारण त्यांना आणि त्यांच्या जावेला, दोघींनाही चहा लागायचा सारखा.

मी लग्न होऊन लालबागच्या ह्या चाळीत आले तेव्हा शेजारीपाजारी ओळख व्हावी म्हणून वाटीभर शिरा घेऊन त्यांच्या दारात गेले. दार साखळीपुरतं उघडलं. आतून एक डोळा आधी वाटीकडे गेला, मग माझ्याकडे. कशाला आणलास, म्हणून विचारलं. मी म्हटलं, असंच. "असंच कोण काय आणत नाय," काकी म्हणाल्या, आणि त्यांनी मला त्यातला एक चमचा तिथेच उभ्या उभ्या खायला लावला. मी मुकाट्याने खाल्ला. मी काही पडले नाही हे बघून त्यांनी साखळी काढली. घरी येऊन मी डोळ्यांत पाणी आणून सासूबाईंना सांगितलं, तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, तुला पहिल्या दिवशी आत घेतलं, नशीब समज. मला वर्ष लागलं होतं.

ही रेघेची विद्या काकींनी नवऱ्याकडून उचललेली. काका गिरणीत फिटर होते. मशीनवरचा नट आवळला की त्याच्यावरून खालपर्यंत ते ऑइलपेंटची लाल रेघ मारायचे. नट पुढे सैल होऊन जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली लांबूनच दिसायची. गिरणी बंद झाली, नंतर काकाही गेले. काकींनी रेघ चालू ठेवली, फक्त नटांच्या जागी आता माणसं आली.

आणि माणसं तरी किती? खोलीत दोघीच. प्रभाकाकी आणि त्यांची धाकटी जाऊ शैलाकाकी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही गेलेले, मूलबाळ कोणालाच नाही. खोली एक, ओटा एक, सिंक एक, आणि सगळा संशय त्या एकट्या शैलाकाकींच्या वाट्याला. काकी त्यांना नावाने हाक मारत नसत, "धाकटी" म्हणत. धाकटी दूध पातळ करते, धाकटी फोनवर हळू बोलते, म्हणजे काहीतरी शिजतंय. शैलाकाकी मऊ स्वभावाची बाई. ऐकून घ्यायच्या, पदराने तोंड पुसायच्या आणि पोळ्या लाटायला बसायच्या. गंमत अशी, की काकींना साखरेचा आजार, डोळ्यांना सुईवरचे आकडे दिसत नसत, त्यामुळे रोजचं इन्सुलिन मात्र त्या ह्याच धाकटीच्या हातून टोचून घ्यायच्या. मी एकदा हसत विचारलं, तेव्हा का नाही हो संशय येत? तर म्हणाल्या, येतो ना, बाटलीला रेघ आहे.

चाळ पाडून टॉवर उठवायची बोलणी सुरू झाली आणि मग तर बघायलाच नको. बिल्डरची माणसं जिन्यावर दिसू लागली. कोण कोणाच्या घरात चहा प्यायलं ह्यावर मजल्यावर कुजबुज व्हायची. प्रभाकाकी दारात स्टूल टाकून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातातली पिशवी वाचायच्या. त्यात शैलाकाकींचा भाचा गणपतीला दर्शनाला आला. तो कुठल्याशा कंत्राटदाराकडे कामाला होता, एवढं कारण काकींना भरपूर झालं. तो खोलीत फिरला तो पावलं मोजत होता म्हणे. मी तिथेच होते. पोरगं बिचारं मोदकाचं ताट ठेवायला जागा शोधत होतं. पण खरं सांगते, काकींनी इतक्यांदा ते म्हटलं, की पुढच्या वेळी तो आला तेव्हा माझी नजरही त्याच्या पायांकडे गेली.

अशात त्यांच्या सिंकचा नळ गळायला लागला. नळ ओट्याच्या कडाप्प्यात उभा बसवलेला होता आणि त्याच्या बुडातून पाणी झिरपून ओट्याखाली तळं व्हायचं. काकींनी निकाल लावून टाकला. धाकटीने खालून हात घालून नट सैल केलाय, म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली भाच्याला आत आणता येईल, मापं घेता येतील, आणि एक दिवस मी दवाखान्यातून येईन तेव्हा खोली दुसऱ्याच्या नावावर. हे त्या गॅलरीत उभ्या राहून मोठ्याने बोलल्या. शैलाकाकींनी या खेपेला तोंड पुसलं नाही. त्यांनी पलंगाखालून बॅग ओढली आणि साड्या भरायला घेतल्या. कणकवलीला बहीण होती, तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं. मी अडवायला गेले तर हळूच म्हणाल्या, इतकी वर्षं बरण्यांचं चालवून घेतलं गो, पण खोलीची चोर मी नाही.

धाकटी गेली तर थोरलीला सुई कोण देणार? जेवायला कोण घालणार? आणि धाकटी तरी त्या बहिणीच्या दारात उतारवयात काय म्हणून राहणार? दोघींपैकी कोणाचंच भलं होणार नव्हतं आणि दोघीही माघार घेणार नव्हत्या. मी काकींना म्हटलं, बाहेरचा कोणी नको ना, मी बदलते नळ. आमच्या घरातला प्लंबर मीच. आमच्या ह्यांना बल्ब लावायचा तरी शेजारून शिडीपेक्षा सल्लाच जास्त लागतो. काकींनी डोळे बारीक केले. "तुला काय मिळणार?" मी म्हटलं, तुमचं पाणी माझ्या भिंतीत मुरतंय, नवा रंग फुगलाय. हे ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा सैलावला. मदत करते म्हटलं असतं तर त्यांनी मला दारातही उभं केलं नसतं.

नवा नळ मीच आणला. काकींनी त्याला आतून पिन लावून खरवडून बघितलं, खरंच पितळ आहे का म्हणून. मग मी टाकीचा कॉक बंद केला, पाण्याचा पाईप सोडवला आणि ओट्याखाली उताणी शिरले. काकी बॅटरी धरून स्टुलावर बसल्या. मला सिंकचं पोट दिसत होतं, काकींचे सुजलेले पाय दिसत होते, आणि त्यांच्यापलीकडे पलंगाच्या कडेला शैलाकाकींचे पाय आणि त्यांच्याशेजारी ती भरलेली बॅग.

नट काही हलेना. गंजाने नुसता माखला होता. मी गंज सुटायचा स्प्रे मारला, तर काकींना त्याचा वास विषारी वाटला. जरा थांबून पाना लावला आणि जोर केला. पुन्हा केला. हाताला रग लागली. तेवढ्यात वरून काकींचा आवाज आला, "तू घट्ट करतंस गो." मी चिडले. म्हटलं, मला कळतं. मग विचार केला आणि चूक मान्य केली. उताणं पडल्यावर उजवं डावं उलटतं, आणि मी खरंच तो आणखी आवळायला बघत होते. काकींनी लगेच विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून?

पाना नीट बसावा म्हणून मी फडक्याने नट घासून पुसला. गंजाचे पोपडे गळाले आणि खाली लाल काहीतरी दिसलं. अजून घासलं. नटावरून सुरू होऊन नळाच्या आट्यांवर उतरलेली रेघ होती ती. ऑइलपेंटची, जाड, काळपट लाल, आणि सलग. कुठेही तडा नाही. मग मी काकींना म्हटलं, खाली या, हे बघा.

त्यांचे गुडघे वाकत नसत. तरी त्या ओट्याचा आधार घेत, कण्हत जमिनीवर बसल्या आणि मान वाकडी करून आत बघू लागल्या. दिसलं नाही म्हणून बोट लावून बघितलं. नखाने खरवडलं. रंग निघाला नाही.

"ह्यांचीच आहे," त्या म्हणाल्या.

मग जरा वेळाने, सवय कुठली जाते, म्हणाल्या की रेघ काय, परत पण मारता येते. मी म्हटलं, काकी, वरून गंज चढलाय बघा, ही काकांनी नळ बसवला त्या दिवसाची आहे, त्यानंतर ह्या नटाला माणसाचा हात लागलेला नाही. तुमच्या धाकट्या जाऊबाईंचाही नाही. नळाचं बूडच कुजलंय, पाणी तिथून येतंय. काकींनी रेघेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. पलंगाच्या कडेचे पाय मात्र अजिबात हलले नाहीत.

मी पुन्हा पाना लावला, ह्या वेळी बरोबर दिशेने. आता नवीनच नाटक. नट सुटेना, पण त्याच्याबरोबर अख्खा नळच वर गोल फिरायला लागला. वरून कोणीतरी नळ गच्च धरून ठेवल्याशिवाय नट एकटा फिरणार नाही. मी ओरडून सांगितलं. काकींनी कशाबशा उठून दोन्ही हातांनी धरून बघितला, पण त्यांच्या बोटांत संधिवात, पकड कुठून येणार? नळ त्यांच्या हातातून निसटून फिरला. मी खालून गप्प राहिले. मुद्दामच राहिले, कबूल करते.

शेवटी काकींनी हाक मारली, "ए धाकटे. वरून धर हा नळ."

पलंग करकरला. पाय आले, पण ओट्यापासून हातभर लांबच थांबले. "मी हात लावला तर चालेल, वहिनी?" शैलाकाकींचा आवाज कापत होता. रागाने की रडू येत होतं म्हणून, ते मला ओट्याखालून कळलं नाही.

"तू धरल्याबिगर तो निघायचा नाय," प्रभाकाकी म्हणाल्या. "माका समाजता सगळा. ये."

शैलाकाकींनी धरला. रोज पीठ मळणारे हात ते, नळ जागचा हलला नाही. मी पाय भिंतीला लावून होता नव्हता तेवढा जोर केला. कट्ट करून आवाज आला आणि नट सुटला. गंजाचं पाणी माझ्या तोंडावर पडलं आणि मी अशी काही ओरडले, की वर दोघी एकदम हसल्या. त्या दोघींना एका वेळी हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

माफी वगैरे काकींनी मागितली नाही. तशी अपेक्षा त्यांना ओळखणाऱ्या कोणीच केली नसती. शैलाकाकींनीही बॅग लगेच रिकामी केली नाही. रोज थोड्या थोड्या साड्या कपाटात जाताना मी बघत होते. बाकी काकी होत्या तशाच राहिल्या. दूधवाल्यावर संशय, बिल्डरवर संशय, मी काकडी चिरून नेली तर काकडीवरही संशय. मात्र धाकटीचं नाव गॅलरीत पुन्हा निघालं नाही, आणि बरण्या उघडायला शैलाकाकींना विचारावं लागेनासं झालं.

पुढे काकींची किडनी गेली. परळच्या इस्पितळात होत्या. मी भेटायला गेले तेव्हा शैलाकाकी पेज आणायला खाली गेल्या होत्या. काकींनी मला खुणेने जवळ बोलावलं, दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "धाकटीवर लक्ष ठेव."

माझं डोकंच फिरलं. रात्रंदिवस ती बाई उशाशी बसून होती, आणि ह्यांचं अजून संपलं नव्हतं. आजारी माणसाला बोलू नये, पण मी बोलले. म्हटलं, काकी, आता तरी पुरे करा हो, अजून काय चोरायचं राहिलंय तिने?

काकींनी मान हलवली. दम लागत होता, तरी थांबत थांबत त्यांनी ते पुरं केलं. "तसं नव्हे गो. भोळी आहे ती. कोणी गोड बोलून कागद पुढे केला की सही करून मोकळी होईल. आतापर्यंत मी होते."

त्या आठवड्यातच त्या गेल्या. मला फार रडू आलं, माझी सख्खी मावशी गेली तेव्हाही आलं नव्हतं इतकं.

आता बिल्डरचा माणूस शैलाकाकींकडे आला, की मी हातातलं काम टाकून जाते. कागद मी वाचते, समजला नाही तर ठेवून घेते आणि दुसऱ्या दिवशी या म्हणते. तो हसून बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे बघत राहते, इतकं की तो खुर्चीत चुळबुळ करतो. शैलाकाकी मला मागून चिमटा काढतात, बिचाऱ्याला निदान चहा तरी विचार म्हणतात. मी विचारत नाही. मजल्यावर सगळे म्हणतात, हिला प्रभाकाकीचं वारं लागलंय. लागू दे.