रोलचा काळा, मोबाइलचा काळा

सावली गावातल्या आमच्या फोटोवाल्या भाऊंची डार्करूम इतकी काळी, की आत शिरलेलं अस्वल पांढरं दिसावं. खोटं वाटत असेल तर त्या अस्वलालाच विचारा. काळ्याचे सतरा प्रकार भाऊ नुसत्या वासाने ओळखतात, आणि डिजिटल प्रिंट दिसली की त्यांना शिंका येतात.

परवा सकाळी, धानाच्या बांध्यांवर धुकं तरंगत असताना, एक बाई दुकानात आल्या. नवरा वारलेला, भिंतीवर लावायला त्याचा एक फोटो हवा होता. भाऊंनी दोन ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढून समोर ठेवल्या. एक लग्नात भाऊंनीच काढलेल्या रोलच्या जुन्या निगेटिव्हची, दुसरी बाईंनी मोबाइलवर काढलेल्या फोटोची.

"हा रोलचा काळा पाहा बाई, डोहासारखा खोल! मोबाइलचा म्हणजे नुसता कोळशाचा भुसा."

बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी मोबाइलवाली उचलली.

"भाऊ, लग्नात ते तुमच्या क्यामेऱ्याकडे पाहून राह्यले होते. इथी मले पाहून राह्यले."

मशीनमधून कोरडीच निघालेली ती प्रिंट भाऊंनी दोन बोटांत अलगद धरली, रोलच्या ओल्या प्रिंट वाळतात त्या तारेवर चिमट्याने टांगली, आणि हळूच म्हणाले, "बसा बाई. जरा वाळू द्या त्यांले."